बंदराचे पाणी कोणाच्या खात्यात?

शहराने पर्यावरणासाठी काय केले याचा हिशेब बहुधा लावलेली झाडे, बांधलेली उद्याने, उचललेला कचरा आणि नळाचे पाणी या सदरांत मांडला जातो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उभे राहिले की या हिशेबातील उणीव ध्यानात येते. शीळ धरणाचे पाणी शहरात येते, वापरले जाते आणि उताराने पुढे जाते. रत्नागिरीचा उतार समुद्राकडे आहे, पण हिशेब मात्र नळापाशीच संपतो.

याला केवळ अनास्था म्हणता येणार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, स्वच्छता, उद्याने, पर्यावरण संरक्षण हे सारे त्यांत आहे. मासेमारी नाही. ती अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींच्या यादीत आहे. शहरातही मच्छिमार राहतात, याचा यादी करणाऱ्यांना विसर पडला असावा! मग बंदर मत्स्यव्यवसाय विभागाचे, प्रदूषणाची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाची, कांदळवनांसाठी २०१२ पासून वन विभागाचा वेगळा कक्ष. जानेवारी २०२५ मध्ये मत्स्यव्यवसाय विभागाने बंदरावरील अनधिकृत बांधकामे हटवली. जागा मोकळी होणे आणि पाणी सुधारणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाण्याचे काय होते ते पाहू. २८ अंश सेल्सिअसला समुद्राच्या लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. गोड्या पाण्यात त्याहून अधिक. म्हणजे मुळातच शिल्लक थोडी. मासळी धुतलेले पाणी, रक्त, खवले, नाल्याचे सांडपाणी यांचे विघटन करताना जीवाणू हाच प्राणवायू वापरतात. लाटा अडवणारा बंधारा होड्यांना आसरा देतो, पण पाण्याची अदलाबदलही मंदावतो. होड्यांना हवी असलेली शांतता पाण्याला मानवत नाही.

आमचा मुख्य आक्षेप मानकांवर आहे. केंद्रीय मानकांत किनाऱ्याच्या पाण्याचे पाच वर्ग आहेत, आणि ते पाण्याच्या ठरलेल्या उपयोगानुसार आहेत. शिंपले व मत्स्यसंवर्धनाच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, स्नानाच्या पाण्यात ४, बंदराच्या पाण्यात ३ पुरे. एकदा 'बंदर' म्हटले की अपेक्षाच खाली येते. व्यापारी गोदीला हे चालेल. पण मिरकरवाड्याला अन्न उतरते. तेथे टोपल्या आणि हात याच पाण्याच्या सान्निध्यात असतात. त्याला गोदीचे माप लावणे आम्हाला मान्य नाही.

'समुद्र आमच्या हद्दीत नाही' हे नगरपालिकांचे उत्तर ऐकून आम्ही कंटाळलो आहोत. समुद्र नसेल, नाला तर आहे? बाग फुलवण्याआधी नाल्याच्या मुखाशी काय वाहते ते मोजून प्रसिद्ध करायला कोणती अनुसूची आडवी येते?

हे मोजमाप अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विंकलरच्या पद्धतीने होऊ शकते. नमुना शिक्षकांनी घ्यावा, धक्क्यावरून वाकून मुलांनी नव्हे. बाटलीत बुडबुडा राहू देऊ नये. मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड तेथेच मिसळावे. एक नमुना नाल्याच्या मुखाजवळचा, दुसरा बंधाऱ्याबाहेरचा. दोन्ही एकाच ओहोटीचे.