नव्या नाटकांकडे सुरतेहून पाहताना

‘पूर्वीसारखी नाटके आता होत नाहीत’ हे वाक्य आपल्या मंडळींच्या बैठकीत कोणी उच्चारले, तर त्यास सहसा कोणी विरोध करीत नाही. कोजागिरीला वा गणेशोत्सवात चार जुनी माणसे एकत्र आली की बालगंधर्वांच्या पदांपासून ‘नटसम्राट’मधील स्वगतांपर्यंत आठवणींची उजळणी होते आणि शेवटी हे वाक्य समारोपासारखे येते. या तक्रारीमागे नाटकावरील माया आहे, हे मान्यच केले पाहिजे. तथापि तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील नवी नाटके पाहिली किंवा निदान त्यांच्या संहिता वाचल्या, असे विचारले तर बैठकीत थोडी शांतता पसरते. म्हणून प्रस्तुत लेखात तीन नाटकांचे रसग्रहण करण्याचे योजिले आहे : जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७), राजकुमार तांगडे यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) आणि प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ (२०१७). मुंबईचे गिरणगाव, मराठवाड्यातील जालना आणि नाशिक अशा तीन ठिकाणच्या अनुभवांतून आलेले हे तीन लेखक आहेत.

प्रथम आपल्या सवयीविषयी. जुन्या पिढीतील माणसे नाटक ‘पाहायला’ जितकी जात, तितकीच ते ‘ऐकायला’ जात. संगीत नाटकाचा काळ सरला तरी ही सवय गेली नाही. वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) किंवा शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) यांत पदे नसली, तरी वाणीचे ऐश्वर्य होते. त्या नाटकांचे नायक भाषाप्रभू आहेत. दुःख कितीही मोठे असो, ते बोलून दाखविण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी असते. गणपतराव बेलवलकर सर्वस्व गमावतात, पण शब्द गमावीत नाहीत. हा मानदंड हाती धरून आपण नव्या नाटकाला जातो, आणि रंगमंचावर शब्दांसाठी चाचपडणारी, एकमेकांचे बोलणे मध्येच तोडणारी माणसे दिसली की निराश होतो.

शासकीय सेवेत मी अनेक वर्षे काढली. तेथे अर्जदाराचे म्हणणे टिपणीत चार ओळींत आटोपण्याची पद्धत आहे. ते चुकीचे असते असे नव्हे, परंतु त्या चार ओळींमागचा माणूस साहेबाच्या टेबलापर्यंत क्वचितच पोहोचतो. नव्या नाटककारांतील चांगले लेखक नेमके हेच काम करतात, असे मला वाटते. ज्यांचे म्हणणे आजवर दुसऱ्याने थोडक्यात मांडले, त्यांना ते रंगमंचावर स्वतः बोलू देतात. तेव्हा नव्या नाटकाचा आस्वाद घेताना ‘हे जुन्यासारखे आहे काय’ यापेक्षा ‘येथे कोण बोलते आहे, आणि ते प्रथमच बोलते आहे काय’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

जुन्या आणि नव्या नाटकांच्या मधल्या उंबरठ्यावर महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ उभे आहे. १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते प्रथम आले. धरणगावच्या देशपांड्यांच्या घरातील कर्ता पुरुष वारला आहे, मुंबईकर मुलगा दिवसकार्यासाठी सपत्नीक आला आहे आणि वाड्यासमोर बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे. आपल्यापैकी ज्यांच्या गावच्या घराच्या हिश्श्याचा प्रश्न एखाद्या तेराव्याच्या दिवशीच निघाला असेल, त्यांना या नाटकाचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. परंतु ‘वाडा’ कितीही खचलेला असला तरी तो वाडाच आहे. ज्यांना खचायलाही वाडा नव्हता, त्यांचे काय? पुढील नाटके तेथून सुरू होतात.

‘अधांतर’ची पार्श्वभूमी १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाची आहे. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालील या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. पवार (१९६०–२०२१) स्वतः गिरणगावात वाढलेले. व्यवसायाने पत्रकार आणि साक्षेपी नाट्यसमीक्षक. एवढा मोठा संप हाती असताना एखाद्या लेखकाने मोर्चे, सभा, पुढाऱ्यांची भाषणे यांनी रंगमंच भरून टाकला असता. पवारांनी चाळीतील एक खोली निवडली. तेथे गिरणी कामगाराची बायको आणि तिची वयात आलेली मुले आहेत. एकाला लेखक व्हायचे आहे, एक क्रिकेटमध्ये जीव रमवतो, एक गुंडगिरीच्या वाटेला लागला आहे. मुलीला या खोलीतून बाहेर पडायचे आहे. हे सारे एकमेकांवर ओरडतात, चिडवतात, पैशांवरून भांडतात. संप हरला, हे उघडपणे मान्य करण्याचे बळ कोणाच्याही अंगी नाही. जिंकण्याची आशा सुटलेली आणि हरल्याची कबुली नाही, अशा मधल्या जागी ही माणसे लोंबकळत आहेत. नाटकाचे नाव म्हणूनच इतके चपखल वाटते.

या नाटकातील आई हा माझ्या मते मराठी रंगभूमीवरील एक मोठा टप्पा आहे. आपल्या जुन्या नाटकांतील आई सोशिक असे. तिच्या वाट्याला डोळे पुसण्याचे प्रसंग पुष्कळ येत. पवारांची आई कडक आहे, शिव्या देते, मुलांच्या मायेपोटीच त्यांना फाडून बोलते, आणि हे सगळे करताना घर चालवीत राहते. तिच्याजवळ तत्त्वज्ञान नाही. तिची भाषा ही कामाची भाषा आहे. स्वतःच्या दुःखाविषयी ती फारसे बोलतच नाही, आणि प्रेक्षकाला ते कळल्यावाचून राहत नाही. ‘नटसम्राट’चे स्वगत ऐकणाऱ्या कानांना हे न बोललेले ऐकण्याची नवी सवय लावून घ्यावी लागते.

सुरतकर वाचकाने तर हे नाटक आणखी एका कारणासाठी वाचले पाहिजे. कापडधंदा मोठ्या गिरण्यांकडून यंत्रमागांकडे आधीपासूनच सरकत होता; संपाने त्या सरकण्याला वेग दिला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि आपले सुरत येथे मागांची संख्या वाढत गेली. गिरणगावातील भोंगे बंद होत गेले त्याच वर्षांत उधना-पांडेसराकडील कारखान्यांत कृत्रिम धाग्याच्या कापडाची खडखड वाढत होती. म्हणजे ‘अधांतर’मधील घर ज्या धाग्याच्या एका टोकाला आहे, त्याच्या दुसऱ्या टोकाला आपण राहतो. मुंबईच्या प्रेक्षकाला हे नाटक एका संपलेल्या जगाची कथा वाटू शकते. आपल्याला तसे म्हणण्याची सोय नाही.

‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकाचा पिंड अगदी निराळा. मूळ संकल्पना शाहीर संभाजी भगत यांची, लेखन तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे आणि कलावंत जालन्याकडचे, त्यांतले कित्येक शेतीशी नाते असलेले. तांगडे यांनी याआधी ‘आकडा’ नावाचे नाटक लिहिले होते. माझ्यासारख्या सरकारी माणसाच्या दृष्टीने आकडा म्हणजे कोष्टकातला. खेड्यात तो विजेच्या तारेवर टाकायचा असतो. एका शब्दाच्या दोन अर्थांतील हे अंतरच या लेखकाचे क्षेत्र आहे. ‘शिवाजी अंडरग्राउंड’मध्ये यम महाराजांना न्यायला येतो, पण महाराजांचे विचार काही त्याच्या हाती लागत नाहीत. मग महाराजांचा जिरेटोप घेऊन तो त्यात बसेल असे डोके शोधत आजच्या महाराष्ट्रात हिंडतो. लोकनाट्याची ही जुनीच युक्ती आहे; मात्र शोध लागतो तो जयजयकार करणाऱ्यांत न बसणाऱ्या डोक्याचा.

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला या नाटकाने अस्वस्थ केले तर नवल नाही. १६६४ आणि १६७० मध्ये महाराजांनी या शहरावर स्वारी केली. शाळेच्या मराठी पुस्तकात तो पराक्रम म्हणून वाचलेला प्रसंग शेजारच्या गुजराती घरात ‘लूट’ म्हणून सांगितला जातो, हे येथील प्रत्येक मराठी मुलाला कधी ना कधी उमगते. एकाच नावाभोवती दोन आठवणी घेऊन शेजारधर्म पाळण्याचा अनुभव आपल्यापाशी पिढ्यानपिढ्यांचा आहे. त्यामुळे कोणाचा शिवाजी, हा नाटकातील प्रश्न पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाहून आपल्याला अधिक जवळचा ठरावा. घोषणेने त्याचे उत्तर मिळत नाही, हे तर आपण केव्हाच शिकलो आहोत.

तिसरे नाटक ‘संगीत देवबाभळी’. ज्यांना पदांवाचून नाटक अळणी वाटते त्यांनी येथून आरंभ करावा, असे मी सुचवीन. तुकोबांना भाकरी घेऊन डोंगरावर निघालेल्या आवलीच्या पायात बाभळीचा काटा रुततो, तो काढायला विठ्ठल स्वतः येतो, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकलेली. देशमुखांनी तिला एक साधी पुस्ती जोडली : गर्भारपणात जायबंदी झालेल्या आवलीच्या घरी रखुमाई ‘लखूबाई’ होऊन कामाला येते. रंगमंचावर दोनच स्त्रिया. एकीचा नवरा देवात हरवलेला, दुसरीचा नवरा, प्रत्यक्ष देव, भक्तांत हरवलेला. आवली विठ्ठलाचा उद्धार करते, आणि तो ऐकून घेणारी त्याचीच बायको आहे, हे तिला ठाऊक नसते. या एका अज्ञानातून विनोदही फुलतो आणि करुणाही.

शतकानुशतके आवलीचे ‘म्हणणे’ दुसऱ्यांनीच मांडले. चरित्रकारांनी तिला कजाग ठरविले आणि कीर्तनकारांनी हशा पिकविण्यापुरती वापरली. घरात दाणा नसताना संसार रेटणाऱ्या बाईला राग येणार नाही तर काय होईल, हा हिशेब या नाटकाने प्रथमच पुरता मांडला. तोही भक्तीचा उपमर्द न करता. तुकोबांविषयीचा आदर तसूभर कमी होत नाही; फक्त त्या आदराची किंमत कोणी मोजली ते दिसते. आनंद ओक यांचे संगीत प्रसंगाला खंड पाडीत नाही, ते त्या दोघींच्या बोलण्यातूनच वर येते. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांनी गायन व अभिनय यांचा जो मेळ घातला, तो पाहून संगीत नाटक संपले म्हणणाऱ्यांना आपले मत तपासून घ्यावे लागेल. या संहितेला साहित्य अकादमीचा २०२० चा युवा पुरस्कार मिळाला, ही नाटकाला साहित्य म्हणून मिळालेली दादच होय.

तिन्ही नाटके निर्दोष आहेत असा दावा नाही. ‘अधांतर’मधील मुलांची वाटणी थोडी आखीव आहे; बेकार तरुणापुढील प्रत्येक वाट एकेका मुलाच्या नावावर चढविल्यासारखी वाटते. ‘शिवाजी अंडरग्राउंड’ काही ठिकाणी नाटक सोडून सभेच्या सुरात बोलू लागते. पोवाड्याचा जोश ओसरला की युक्तिवाद उघडा पडतो. ‘देवबाभळी’त आवलीच्या तोंडी अधूनमधून कवीची वाक्ये येतात, ती तिची नव्हेत, लेखकाची. परंतु हे दोष त्या नाटकांच्या नवेपणाचे नाहीत. जुन्या थोर नाटकांतही आखीवपणा होता, भाषणे होती, लेखकाची वाक्ये होती. सवयीने ती आपल्याला खुपेनाशी झाली, इतकेच.

आता आपल्या शहराविषयी. ज्यांचे नाव गुजराती रंगभूमीवर आदराने घेतले जाते, ते चंद्रवदन मेहता सुरतेत जन्मलेले (१९०१). रेल्वे कामगारांच्या जीवनावरील ‘आगगाडी’ हे त्यांचे नाटक १९३०च्या दशकातील. उच्च वर्णाच्या दिवाणखान्यातून नाटकाला इंजिनाच्या धगीपाशी नेण्याचे काम या शहराच्या सुपुत्राने इतक्या आधी केले होते. मग येथील मराठी नाटकाने काय केले? आपल्या हौशी मंडळींनी गाजलेल्या नाटकांचे प्रयोग निष्ठेने केले, आणि त्याचे मोल कमी नाही. पण लिंबायत-उधन्यात राहणारा, जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेला, घरी अहिराणी बोलणारा मागावरचा मराठी कामगार आपल्या रंगमंचावर कधी आला? तो संख्येने आपल्याहून कितीतरी मोठा आहे. आपल्या कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिका मात्र त्याच्यापर्यंत जात नाहीत, आणि त्याची बोली ऐकली की आपल्यापैकी काही जण ‘शुद्ध मराठी’ची आठवण काढतात.

‘अधांतर’चे रसग्रहण करून आपण टाळ्या वाजवाव्यात आणि गिरणगावातील आईसाठी हळहळावे, मात्र रेल्वेच्या पलीकडे राहणाऱ्या तशाच आईला परकी मानावे, यात विसंगती आहे. मुंबई येथून रेल्वेने जेमतेम चार तासांवर. चांगला प्रयोग पाहून येणे अशक्य नाही. संहिता छापील मिळतात, त्यांचे अभिवाचन आपल्या सभागृहात सहज करता येईल. त्या अभिवाचनाला लिंबायतमधील पाच-दहा तरुणांना आवर्जून बोलवावे, आणि ‘अधांतर’ ऐकून झाल्यावर त्यांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत ऐकून घ्यावे. सुरतेच्या मागांवरचे मराठी नाटक लिहिले जायचे असेल, तर ते बहुधा त्यांच्यापैकीच कोणीतरी लिहील.