पिळलेला स्पंज आणि बसलेला आवाज

ज्या चित्रपटांत धूम्रपानाची दृश्ये आहेत, त्यांच्या सुरुवातीला आणि मध्यावर तंबाखूविरोधी चित्रफीत दाखवणे ऑक्टोबर २०१२ पासून बंधनकारक झाले. पहिल्या वर्षीच्या दोन फितींपैकी एकीचे नाव ‘स्पंज’. माणसाची फुफ्फुसे स्पंजासारखी असतात, असे ती सांगते. मग स्पंज पिळला जातो आणि काळा, डांबरासारखा द्रव भांड्यात साचतो. २०१३ च्या ऑक्टोबरात तिची जागा नव्या फितींनी घेतली. परंतु अलिबाग-मुरूडकडच्या शिक्षकांशी बोलताना आम्हांला असे आढळते की, फुफ्फुसाचा कर्करोग म्हटले की आजही हेच दृश्य आठवते. म्हणून, उशिरा का होईना, तिचे परीक्षण करायला हवे.

आधी गुण सांगू. ओढलेला धूर शरीरात जाऊन नाहीसा होत नाही, हे ही फीत अर्ध्या मिनिटात निरक्षर माणसालाही पटवते. पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदांना हे क्वचितच साधते. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे, याबद्दलही वाद नाही.

आमचा आक्षेप आहे तो उपमेला. स्पंजाच्या चित्रात रोग म्हणजे साचलेला मळ. प्रत्यक्षात धुरातील बेंझोपायरीनसारखी रसायने श्वासनलिकांच्या अस्तरातील पेशींच्या डीएनएला इजा करतात, जनुकांत बदल होतात आणि एखादी पेशी बेबंद वाढू लागते. पण रोग म्हणजे मळ असे एकदा मनात बसले, की तो खोकल्यावाटेच बाहेर दिसणार असे वाटणे ओघाने आलेच. एका शाळेत आम्ही विचारले, या रोगाचे पहिले लक्षण कोणते? उत्तर एकमुखाने आले: खोकला आणि थुंकीतून रक्त. उत्तर चूक नाही, अपुरे आहे. आणि हा अपुरेपणा जिवावर बेतू शकतो.

फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. तिथे गाठ मुकाट्याने वाढते आणि पुष्कळदा तिची पहिली खबर शेजारचे अवयव देतात. स्वरयंत्राकडे जाणारा डावा मज्जातंतू थेट गळ्यात पोचत नाही. तो आधी छातीत उतरतो, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेतो आणि पुन्हा वर चढतो. त्या वळणावर दाब आला, की घसा निरोगी असूनही आवाज बसतो. गाठ फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी असेल, तर हाताकडे जाणारे मज्जातंतू सापडतात. मग खांदा दुखतो, कळ करंगळीपर्यंत उतरते, कधी त्या बाजूची पापणी खाली येते. अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांनी १९२४ आणि १९३२ साली अशा रुग्णांचे वर्णन केले. काही गाठी तर संप्रेरके तयार करतात. रक्तातले सोडियम उतरते आणि माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. या सर्वांत खोकला असेलच असे नाही.

आता हे आपल्या किनाऱ्यावर आणून पाहू. जाळी ओढणाऱ्या कोळीबांधवाचा खांदा दुखला, तर तो तेल चोळतो. मासळीच्या लिलावात ओरडून आवाज बसला, तर मिठाच्या गुळण्या होतात. आणि शिक्षकाचा आवाज बसला, तर तो धंद्याचाच भाग समजला जातो! बहुतेक वेळा हे अंदाज बरोबर असतात. उगाच धास्ती नको. प्रश्न मुदतीचा आहे. तीन आठवडे उलटूनही आवाज सुटला नाही, खांद्याची कळ विश्रांतीनेही हटली नाही, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. क्षयरोग सर्वत्र असलेल्या आपल्या देशात छातीच्या छायाचित्रातली सावली क्षयाची मानून महिनोन्‌महिने औषध चालते, हाही अनुभव नवा नाही. उपचाराने फरक पडत नसेल, तर निदान पुन्हा तपासून घ्यावे.

फितीत दुसरीही उणीव आहे. तिच्यातला दोषी एकच: विडी-सिगारेट ओढणारा. पण भारतात हा रोग झालेल्यांत, विशेषतः स्त्रियांत, कधीच धूम्रपान न केलेले पुष्कळ असतात. बाहेरच्या प्रदूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली कर्करोगकारक ठरवले. चुलीचा धूरही संशयातीत नाही. ‘आपण कुठे विडी ओढतो’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्या गृहिणीला स्पंज काहीच सांगत नाही.

शिक्षकांनी काय करावे? फीत जरूर दाखवावी, पण नंतर फळ्यावर छातीचा नकाशा काढून त्या डाव्या मज्जातंतूची वाट मुलांकडून गिरवून घ्यावी. आणखी एक सोपा प्रयोग आहे. दोन्ही तर्जनींची नखे पाठीला पाठ लावून जुळवावीत. मध्ये बारीक शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसते. बोटांची टोके फुगलेली असतील तर ती बुजते. दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शामरॉथ यांनी हे स्वतःच्या आजारपणात स्वतःच्याच बोटांवर पाहिले आणि १९७६ साली मांडले. फट बुजण्याची कारणे अनेक असतात, हृदयाचे विकार त्यांत आहेत, आणि काही घराण्यांत बोटे जन्मतःच तशी असतात. म्हणून वर्गात कोणाचे निदान करू नये.

टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था खारघरला, म्हणजे याच रायगड जिल्ह्यात आहे. तिथवर माणूस वेळेत पोचायचा, तर बसलेला आवाज कधीकधी छातीतून आलेला निरोप असतो, एवढे तरी त्याच्या घरातल्या शाळकरी मुलाला ठाऊक हवे.