नॉक्सच्या माथी मारलेला खून

दरबाराने स्कॉटिश कविता वाढवली आणि कर्कने, म्हणजे स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट चर्चने, तिचा गळा घोटला, हे विधान अजूनही प्रस्तावनांमधून बिनदिक्कत छापलं जातं. एडविन म्यूरने १९४१ च्या कवितेत कर्कचे पुढारी जॉन नॉक्स आणि अँड्र्यू मेलव्हिल यांना नावानिशी आरोपी केलं. कवीला तो अधिकार आहे. पण त्यानंतर इतकी हस्तलिखितं उजेडात आली, इतक्या संहिता नव्याने संपादित झाल्या, तरी अभ्यासकांनी तोच निकाल जसाच्या तसा वाचून दाखवावा याचा मला संताप येतो.

हा निकाल उभा राहिला एका रम्य चित्रावर. हेलेना शायर यांच्या १९६९ च्या ग्रंथाने सहाव्या जेम्सभोवती ‘कॅस्टेलियन’ कवींची मंडळी बसवली: राजा मध्ये, माँटगोमेरी गुरुस्थानी, आणि भोवती फाउलर, हडसन, बॉल्डिनिसचा स्टुअर्ट. २००१ मध्ये प्रिसिला बॉकट यांनी या मंडळीचा पुरावा तपासला. माँटगोमेरीच्या मृत्यूनंतर राजाने लिहिलेल्या सुनीतातला एक शब्दप्रयोग, एवढ्यावर आधुनिक अभ्यासकांनी अख्खी संस्था उभारली होती. तो लेख येऊन दोन दशकं उलटली, तरी ‘कॅस्टेलियन बँड’ सर्रास वापरात आहे.

माँटगोमेरी मोठा कवी होता, यात वाद नाही. ‘द चेरी अँड द स्ले’मधली ती अवघड, गाण्यासारखी उड्या घेत जाणारी कडवी आजही जिभेवर नाचतात. पण दरबाराने त्याला काय दिलं? पेन्शन दिलं, त्यासाठी कोर्टात झुंजवलं, आणि तो खटलाही तो हरला. कॅथलिक कटात सापडल्यामुळे १५९७ मध्ये तो कायद्याबाहेरचा ठरला आणि पुढच्याच वर्षी वारला. बाकी दरबारी कवितेत फाउलरचे पेत्रार्काचे अनुवाद कष्टाचे आहेत, राजाची स्वतःची कविता शाळकरी आहे, आणि हॉथॉर्नडनचा ड्रमंड सुंदर पण उसन्या उजेडात जगणारा.

आता दुसऱ्या बाजूला चला. १५६० च्या दशकात वेडरबर्न बंधूंच्या नावावर छापली गेलेली धार्मिक गीतं बघा. रस्त्यावरची प्रेमगीतं आणि नाचाच्या चाली उचलून त्यांत ख्रिस्ताला बसवणारी ही मंडळी कवितेचे शत्रू कशी? स्टर्लिंगजवळच्या लोगी गावचा पाद्री अलेक्झांडर ह्यूम १५९९ च्या आपल्या ‘हिम्स’मध्ये लौकिक प्रेमकवितेवर तुटून पडतो. त्याच पुस्तकात उन्हाळ्याच्या एका दिवसावरची, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत सरकत जाणारी त्याची दीर्घ कविता आहे. त्या काळातल्या दरबारात उन्हाकडे इतकं टक लावून पाहणारं कोणी मला आढळत नाही.

ह्यूमने ते पुस्तक जिला अर्पण केलं ती एलिझाबेथ मेलव्हिल, लेडी कलरॉस. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. तिचं ‘एन गॉडली ड्रीम’ १६०३ मध्ये एडिनबर्गला छापलं गेलं. छापील पुस्तक नावावर असलेली ही पहिली स्कॉटिश स्त्री. आठ ओळींची साठ कडवी. दुःखाने खचलेली बाई झोपेत ख्रिस्ताचा हात धरून काट्याकुट्यांतून, पाण्यातून चालत निघते, समोर झगमगता वाडा दिसतो, ती उतावीळ होऊन पुढे धावते, आणि तिला नरकाच्या खाईवरून जावं लागतं. दरबारी कवी डनबारने वापरलेला स्वप्नकाव्याचा साचा तिच्या हातात भीतीने धडधडू लागतो. जेमी रीड बॅक्स्टर यांनी २००२ मध्ये एडिनबर्गच्या न्यू कॉलेजमधल्या, पाद्री रॉबर्ट ब्रूसच्या प्रवचनांच्या हस्तलिखितात तिच्या आणखी साडेतीन हजारांच्या आसपास ओळी ओळखल्या. २०१० मध्ये तिच्या कवितांचं संपादनही त्यांनी केलं. या कामाने सोळाव्या शतकाच्या अखेरचा नकाशा बदलायला हवा होता. प्रत्यक्षात तिला ‘स्त्रियांचं लेखन’ या प्रकरणात एक परिच्छेद मिळतो.

तिचे वडील, हॅलहिलचे सर जेम्स मेलव्हिल, राणी मेरीचे मुत्सद्दी होते. म्हणजे दरबार तिच्या घरात होता. सुनीत तिने तिथून घेतलं आणि कुठे नेलं ते पाहा. १५८४ मध्ये अठरा वर्षांच्या जेम्सने कवींसाठी जे नियम छापले, त्यांत राज्यकारभाराच्या विषयांपासून दूर राहा, कारण ते कवींना झेपणारे नाहीत, अशी ताकीद आहे. दरबारी कवितेला बाहेरून कोणी गप्प केलं नाही. तिच्या आश्रयदात्यानेच तिची जीभ आखून दिली होती. १६०५ मध्ये राजाची मनाई झुगारून अॅबरडीनला कर्कची सभा भरली आणि नॉक्सचा जावई जॉन वेल्श ब्लॅकनेसच्या किल्ल्यात कैद झाला. एलिझाबेथने त्या कैद्याला धीर देणारं सुनीत पाठवलं. राजाने कवींना मना केलेला विषय, राजाच्या आवडत्या वृत्तात, राजाच्या कैद्यासाठी.

कर्कचे गुन्हे मी नाकारत नाही. बायबलवरच्या नाटकांवर तिने बंदी घातली. डेव्हिड लिंडसेचं ‘थ्री एस्टेट्स’ १५५२ मध्ये कूपरला आणि १५५४ मध्ये एडिनबर्गला झालं, तशी रंगभूमी पुढे उरली नाही. बहुस्वरी गायनाचीही तिने हानी केली. सेंट अँड्र्यूजच्या थॉमस वुडने ते संगीत बुडेल या भीतीनेच आपल्या वह्या भरल्या. पण नाटक मारणं वेगळं आणि कविता मारणं वेगळं.

दरबारी कवितेचा आश्रय गेला तो १६०३ मध्ये. एलिझाबेथ ट्यूडरचं सिंहासन मिळताच जेम्स लंडनला गेला, दर तीन वर्षांनी परत येईन असं म्हणाला, आणि आला तो एकदाच, १६१७ मध्ये. त्याच १६०३ मध्ये एलिझाबेथ मेलव्हिलचं स्वप्न छापून निघालं आणि सतराव्या शतकभर पुन्हा पुन्हा छापलं गेलं. कर्कने कविता मारली असेल, तर ही कविता कोणत्या वाचकांनी जिवंत ठेवली, याचं उत्तर प्रस्तावनाकारांनी द्यावं.