प्लगचे दुसरे टोक

वाडीच्या नाक्यावर, अमरावती मार्गाच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले, की ट्रकांच्या गर्दीतून एखादी हिरव्या पाटीची मोटार जाताना दिसते. पाटीवर आकडे पांढरे असले तर गाडी खासगी, पिवळे असले तर भाड्याची. हा फरक मुलांना आपल्याआधी कळतो. शालेय विज्ञान प्रदर्शनांतही विजेच्या मोटारीची प्रतिकृती आता हमखास असते आणि तिच्याखाली ठरलेली चिठ्ठी असते: ‘शून्य प्रदूषण’. माझी तक्रार या चिठ्ठीबद्दल आहे. चिठ्ठी खोटी नाही, पण अर्धी आहे. आपण मोटार शिकवतो आणि प्लगपाशी येऊन थांबतो. प्लगच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हा प्रश्न वर्गात येतच नाही.

खरे तर या प्रश्नाचा धडा नागपूरनेच देशाला दिला आहे. 26 मे 2017 रोजी येथे ओला आणि महिंद्र या कंपन्यांच्या सहभागाने 200 विद्युत वाहनांचा ताफा रस्त्यावर आला. त्यात 100 ई-टू-ओ प्लस मोटारी टॅक्सी म्हणून धावू लागल्या. बंगळूरच्या रेवाची ही वारसदार. गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु 2018 च्या आरंभीच रॉयटर्स वृत्तसंस्थेने बातमी दिली, की काही चालक या मोटारी परत करून डिझेलकडे वळत आहेत. चार्जिंगसाठी लांबच लांब रांगा आणि न परवडणारा खर्च, ही त्यांची तक्रार होती. त्यावर ‘विजेची गाडी आपल्याकडे चालायची नाही’ असे म्हणणारे लोक भेटले. आज खासगी मोटारींची संख्या वाढताना पाहून तेच लोक ‘आता तंत्रज्ञान सुधारले’ असे म्हणतात. दोन्ही वेळा सगळे श्रेय किंवा दोष एकट्या मोटारीच्या माथी मारला जातो. हे कितपत बरोबर आहे, ते सातवीच्या गणितानेही तपासता येते.

वीजबिलातले एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. त्या टॅक्सीच्या बॅटरीत साधारण 11 युनिट मावत. एसी बंद ठेवून तेवढ्यात 100 किलोमीटर जाता येते असे धरू. शहरात सरासरी वेग ताशी 20 किलोमीटर, म्हणजे पाच तास. मे महिन्याच्या नागपुरात प्रवासी एसी लावायला सांगणारच. एसीने तासाला एक युनिट खाल्ले, तर 100 चे 70 किलोमीटरच उरतात. टॅक्सीला दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर धावावे लागते. म्हणजे भर धंद्याच्या वेळी एकदा-दोनदा थांबणे आले. घरच्या जाड पिनेच्या सॉकेटमधून साधारण तीन किलोवॉट मिळतात, म्हणजे जवळजवळ चार तास गेले. जलद चार्जरवर एक तास, आणि तोही पुढे रांग नसेल तर.

आता पेट्रोल पंप पाहा. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते. 30 लिटर पेट्रोल तीन मिनिटांत भरले, तर त्या रबरी नळीतून 5,000 किलोवॉटहून अधिक दराने ऊर्जा वाहिली! इंजिन तिचा जेमतेम चौथा भाग चाकांपर्यंत पोहोचवते, तर विजेची मोटार बहुतेक सारी. तरीही तफावत प्रचंडच राहते. नागपूरच्या त्या रांगेचे मूळ येथे आहे.

मग खासगी मालक समाधानी का? 2020 मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विद्युत मोटारीत 30.2 युनिटांची बॅटरी होती, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. घरची मोटार दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर जाते आणि रात्रभर अंगणात उभी असते. तेवढी वीज दोन तासांत भरते, मालक झोपेत असताना. टॅक्सीवाल्याचा तास म्हणजे त्याची कमाई; मालकाच्या रात्रीला मोल नाही. ज्याला अंगण आहे त्याला ही मोटार सोयीची. तिसऱ्या मजल्यावर राहून गाडी रस्त्यावर लावणाऱ्याला नाही. लोकप्रियतेच्या बातम्यांत हे अंगण दिसत नाही.

राहिला धूर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. मध्यम मोटारीला 100 किलोमीटरला, चार्जिंगमधली गळती धरून, 15 युनिट लागले तर साडेदहा किलो. तशीच पेट्रोलची मोटार साडेसहा लिटर पिते, लिटरला 2.3 किलोप्रमाणे पंधरा किलो. बॅटरी तयार करतानाचे उत्सर्जन यात नाही. म्हणजे बचत खरी आहे, पण ‘शून्य’ नाही. वाडीच्या प्लगमधली वीज नेमकी कोणत्या केंद्रातली, हे सांगता येणार नाही, कारण जाळे एकच. मात्र कोराडी आणि खापरखेडा येथील कोळशाच्या चिमण्या आपल्याच जिल्ह्यात आहेत. चौकातला धूर कमी होतो, हा लाभ लहान नाही. पण कोराडीच्या वर्गात ‘शून्य प्रदूषण’ शिकवताना शिक्षकाने खिडकीबाहेर पाहू नये, असे थोडेच आहे?

कोणी म्हणेल, मुलांचा उत्साह कशाला मोडायचा? माझ्या मते हिशेबाने उत्साह मोडत नाही. त्याला काम मिळते. सूर्यप्रकाशाची वीज वाढली की 0.7 हा आकडा खाली येईल, आणि जुनीच मोटार आपोआप अधिक स्वच्छ होईल. पेट्रोलच्या मोटारीचे असे होत नाही. विजेच्या मोटारीच्या बाजूचा हा सर्वांत सबळ मुद्दा, आणि ‘शून्य’ लिहिल्यामुळे आपण तोच गमावतो.

तेव्हा येत्या प्रदर्शनात प्रतिकृतीची वायर टेबलाखाली लपवू नका. ती चिमणीपर्यंत आणि सौर पट्टीपर्यंत न्या, आणि चिठ्ठीवर मुलांनी स्वतः काढलेला आकडा लिहू द्या.