व्हीलचेअर, फलाट आणि शब्दप्रमाण

(सोलापुरातील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. रेल्वेवर बोलायला या माणसाला कशाला बोलावलं, असं काहींना वाटलं असेल. पण आजचा प्रश्न आमच्याच विषयातला आहे. एखादी गोष्ट 'कळली' असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो, हा तो प्रश्न.

सुरुवात आकड्यांनी करू. आपल्या नेहमीच्या मेल-एक्स्प्रेसच्या डब्याचा तळ रुळापासून सव्वा मीटरहून थोडा अधिक उंच असतो. उंच प्रकारचा फलाट असतो 760 ते 840 मिलिमीटर. म्हणजे चांगल्या फलाटावरही दीड फुटाच्या आसपास चढ उरतो. शिवाय मधली फट, दारातल्या पायऱ्या, अरुंद दार. लहान स्थानकांवर फलाटच खाली, तिथे तर विचारायलाच नको. हे आकडे इंजिनिअर मंडळींना पाठ असतात. मग घोडं अडलं कुठे?

2017 साली विराली मोदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या मुंबईकर कार्यकर्तीने एक ऑनलाइन याचिका सुरू केली. गाडीत चढण्यासाठी त्यांना हमालांकडून उचलून घ्यावं लागे आणि त्या उचलण्यात त्यांना गैरस्पर्श सोसावा लागला, एकदा नव्हे, अनेकदा. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. पुढे एर्नाकुलम, तिरुवनंतपुरम अशा केरळातल्या स्थानकांवर हलवता येणारे रॅम्प आणि डब्याच्या बोळात मावतील अशा अरुंद व्हीलचेअर आल्या.

आता बघा. दीड फुटाचा चढ मोजपट्टीला दिसतो. पण 'उचलून घेतलं जाणं' म्हणजे काय, हे मोजपट्टीला दिसत नाही. नकाशा काढणाऱ्याच्या मनात हिशोब असा असतो : दोन हमाल, एक प्रवासी, प्रश्न सुटला. ज्या बाईला परक्या हातांनी उचललं, तिच्या लेखी प्रश्न तिथेच सुरू होतो. हे ज्ञान दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळणारं नव्हतं. तिने सांगितलं म्हणूनच ते आपल्याला मिळालं.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याचं जळतं त्याला कळतं. म्हण खरी आहे, पण अर्धी आहे. त्याला कळलं, पुढे काय? ते बाकीच्यांना कळायचं कसं? इथे आम्हाला न्यायदर्शन आठवतं. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानलं. कुणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने गोष्ट स्वतः अनुभवली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे. पदवी, कूळ, हुद्दा यांचा संबंध नाही. या कसोटीवर रेल्वेच्या सुगमतेबाबत आप्त कोण, हे वेगळं सांगायला नको.

आमचा आक्षेप असा की आपली सगळी व्यवस्था अपंग माणसाला आप्त मानत नाही, लाभार्थी मानते. अधिकाऱ्यांच्या डोळ्यांवर दहा मिनिटं पट्टी बांधून त्यांना फलाटावर चालवतात, फोटो निघतात. पण त्या दहा मिनिटांत कळतं ते नुकतीच दृष्टी गेलेल्याचं भांबावणं. वीस वर्षं एकट्याने प्रवास करणारा अंध माणूस आवाजावरून, वाऱ्याच्या झोतावरून, पायाखालच्या फरशीवरून वाट कशी काढतो, ते त्यात येत नाही. हे अनुमानच आहे, फक्त हौशी.

परिणाम डोळ्यांपुढे आहेत. डब्यात आसनाचा क्रमांक ब्रेलमध्ये असतो, छान आहे. पण आपला डबा फलाटावर कुठे लागणार, ते सांगणारी पाटी डोळ्यांनीच वाचायची! उद्घोषणा कानाने ऐकायची, म्हणजे ऐन वेळी फलाट बदलला की बहिरा प्रवासी जुन्याच फलाटावर उभा. अनेक गाड्यांत अपंगांचा डबा टोकाला, गार्डच्या डब्याला जोडून असतो. दार रुंद, आत खुर्चीला जागा, सगळं नियमाप्रमाणे. आमचे एक जुने विद्यार्थी कुबड्या घेऊन एका मोठ्या स्थानकावर त्या डब्याकडे निघाले. छप्पर संपलं, पाऊस लागला, फरशी निसरडी झाली, आणि ते पोहोचायच्या आत गाडी सुटली. डबा सुगम होता. डब्यापर्यंतची वाट नव्हती. प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो, हे प्रवास करणारालाच ठाऊक असतं.

10 फेब्रुवारी 2023 ला आपल्या सोलापूरला वंदे भारत मिळाली. तिच्यात व्हीलचेअरची जागा आहे, वेगळं स्वच्छतागृह आहे. आम्ही त्याचं स्वागतच करतो. पण आषाढीला पंढरपूरला जाणारा माणूस साध्या गाडीच्या साध्या डब्यातून जातो. सुगमता ही महागड्या तिकिटाची सोय ठरली, तर तिला हक्क म्हणता येणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर शब्दांची कमतरता नाही. 1995 च्या कायद्याच्या नावातच 'पूर्ण सहभाग' होता. 2007 साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. निर्णय घेताना अपंगांशी निकट विचारविनिमय करण्याचं बंधन त्यात आहे. 2016 चा कायदा सुगमता सक्तीची करतो. पण 2017 च्या नियमांतल्या 15 व्या नियमाखाली जी मानकं आली, ती केवळ मार्गदर्शक ठरली. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याने 2005 साली दाखल केलेल्या खटल्यात, 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने हा विरोध दाखवून 15(1) हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. किमान सक्तीची मानकं संबंधितांशी विचारविनिमय करून तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश दिला. हा विचारविनिमय सतत चालू राहिला पाहिजे, हेही तत्त्व सांगितलं. आमच्या मते निकालाचा गाभा या 'सतत' शब्दात आहे.

आता एक रास्त शंका. अपंगांना अभियांत्रिकी कुठे येते? जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञाने यावर चांगला दाखला दिला आहे. जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्याला कळतं. तो दुरुस्त कसा करायचा ते चांभाराला. म्हणजे दोघंही लागतात. पण चांभाराने पाय न बघता जोडा शिवायचा, आणि मग विचारायचं, 'कसा वाटतो?' हा काही विचारविनिमय नव्हे.

दुसरी गोष्ट, अपंग म्हणजे एकच कुणी नव्हे. उठावाच्या पिवळ्या फरशा अंधांना वाट दाखवतात, पण व्हीलचेअरला हादरे देतात. कडा पूर्ण सपाट केली तर खुर्ची सहज जाते, पण पांढऱ्या काठीला कडा सापडत नाही. हा तंटा कार्यालयात बसून सुटत नाही. दोघांना एकाच फलाटावर उभं करावं लागतं. एक प्रतिनिधी बोलावला, सही घेतली, इतक्याने भागणार नाही.

म्हणून आमचं मागणं थोडकं आहे. नकाशा पक्का होण्याआधी विचारा, उद्घाटनाआधी नव्हे. डब्याचा नमुना बनला की वेगवेगळ्या अपंगत्वाच्या माणसांना त्यात चढू-उतरू द्या. त्यांच्या वेळेचं मानधन द्या; तज्ज्ञाला देता ना? आणि कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली, का नाकारली, ते लेखी कळवा. ज्याला उत्तर मिळत नाही त्याला विचारलं, असं म्हणता येत नाही.

आमचंही वय सत्तरीपार गेलं आहे. डब्याची पायरी दर वर्षी थोडी उंच होत चालली आहे, असं वाटतं. पायरी तेवढीच आहे, हे आम्हाला अनुमानाने कळतं. गुडघा मात्र वेगळं सांगतो, आणि या बाबतीत आम्ही त्याचं ऐकतो.