संशयाचा संयम

सीवूड्सची हवा माणसाला सुखावते, पण धातूला ती मानवत नाही. पाम बीच मार्गापलीकडची खाडी, कांदळवनातून येणारा खारा वारा आणि पावसाळ्याचे चार महिने न हटणारी ओल यांच्या सहवासात इथला प्रत्येक खिळा, प्रत्येक बिजागरी अकाली जुनी होते. करावे आणि दारावे या जुन्या गावांच्या गल्ल्यांत रात्री विसावणारे आणि पहाटे वाशीच्या बाजार समितीत भाजी भरायला निघणारे पिकअप याच हवेत राबतात. अशा एखाद्या पिकअपचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा सारा कारभार पाहणारा संगणक, बिघडू लागतो आणि तो बदलण्याची वेळ येते, तेव्हा जाणत्या मिस्त्रीच्या हातचे ते काम शेजारी उभे राहून पाहणे हा एक निखळ रसानुभव असतो. आज आपण त्या कामाचा एकेक टप्पा सावकाश आस्वादू या.

आधी ईसीएमची ती डबी हातात घेऊन न्याहाळू. आकाराने साधारण वहीएवढी, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, पाठीवर उष्णता बाहेर टाकणारे कंगोरे. बॉशच्या ईडीसी-17 घराण्यातल्या अनेक ईसीएमना दोन कपलर असतात, एकात 94 आणि दुसऱ्यात 60. एकूण 154 पिनांमधून इंजिनाची सुखदुःखे आत येतात आणि आज्ञा बाहेर जातात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्या घेऊ लागले की त्यात सेकंदाला 100 वेळा ज्वलन होते, आणि त्या प्रत्येक ज्वलनाआधी डिझेल केव्हा सोडायचे आणि किती सोडायचे हा निर्णय ही डबी देते. मुख्य फवाऱ्याच्या आधी जेमतेम एक-दोन घन मिलिमीटरचा एक पूर्वफवारा ती सोडायला लावते, म्हणून आजचे डिझेल इंजिन जुन्यासारखे धडधडत नाही. आता डबीच्या एका कडेला असलेली ती नखाएवढी गोल खूण पाहा. तिच्यामागे एक पातळ पडदा आहे; तो हवा येऊ-जाऊ देतो, पाणी मात्र अडवतो. तापलेल्या डबीवर रस्त्यावरच्या डबक्याचे पाणी उडाले की आतली हवा एकदम आकसते, आणि हा पडदा नसता तर त्या ओढीने पाणी सीलमधून आत शिरले असते. कुणा अनाम अभियंत्याने पावसाचा इतका बारीक विचार करून ठेवला आहे, हे उमगताच या निर्विकार दिसणाऱ्या डबीविषयी मनात आदर दाटतो.

अशा गाडीच्या चालकाची तक्रार बहुधा ठरलेली असते : “मिस्त्री, गाडी गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने परत चालू होते.” हे लक्षण मोठे फसवे. ईसीएमच्या पाटीवरचा एखादा डाक सूक्ष्मपणे तडकलेला असेल, तर उष्णतेने ती चीर रुंदावते आणि थंडाव्याने पुन्हा जुळते. पण नेमके हेच लक्षण म्हाताऱ्या झालेल्या क्रँक सेन्सरचेही असते. उतावळा माणूस इथेच डबीकडे बोट दाखवतो. जाणता म्हणतो, “ईसीएम शेवटी बघू, आधी लाइनी चेक करू.” या एका वाक्यात पुढच्या साऱ्या कामाचे सौंदर्य सामावले आहे. सर्वांत महागड्या भागावर आरोप करण्याआधी बाकीच्या सगळ्यांना निर्दोष ठरवायचे, आणि तेही मोजून, हा या विद्येचा धर्म आहे.

म्हणून तो स्कॅनर लावतो आणि स्टार्टर फिरत असताना पडद्यावर इंजिनाच्या फेऱ्या दिसतात का, ते पाहतो. आकडा शून्यावरच राहिला तर संशय आधी क्रँक सेन्सरवर आणि त्याच्या वायरवर जातो. आकडा हलला तर तो सेन्सर तूर्त सुटला. मग येते पाच व्होल्टची परीक्षा, जी मला या साऱ्या कामातली सर्वांत रमणीय जागा वाटते. ईसीएम बॅटरीच्या 12 व्होल्टमधून नेमके पाच व्होल्ट घडवतो आणि अनेक सेन्सरना ते वाटून देतो. त्यातला एकच सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली ओढतो आणि पडद्यावर एकदम चार निरपराध सेन्सरांची नावे उमटतात. मिस्त्री ती यादी शांतपणे वाचतो, तिच्यावर विश्वास मात्र ठेवत नाही. तो मल्टिमीटरची तार त्या लाइनवर धरून ठेवतो आणि एकेका सेन्सरचा कपलर काढत जातो. ज्या क्षणी आकडा पुन्हा पाचवर येतो, त्या क्षणी हातात असलेला कपलर खऱ्या दोषीचा. आपल्या या पिकअपमध्ये मात्र सगळे कपलर निघाले, तरी गरम इंजिनावर आकडा परत आला नाही. संशयाचे वर्तुळ एका पावलाने आवळले गेले.

तरीही घाई नाही, कारण अर्थिंग अजून तपासायचे आहे. इथे हाताची समज आणि पुस्तकी समज यांतला फरक फार सुंदर उलगडतो. जाड अर्थ केबलच्या साऱ्या तारा तुटून एकच उरली, तरी मीटरवर तिचा रोध जवळजवळ शून्यच दिसतो; मोजणाऱ्याला वाटते, केबल उत्तम आहे. पण त्या एका तारेतून स्टार्टरचा प्रचंड प्रवाह जाऊ शकत नाही. म्हणून जाणता माणूस रोध मोजत बसत नाही. तो मीटरचे एक टोक इंजिनाच्या अंगावर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवतो, चालकाला स्टार्टर मारायला सांगतो आणि त्या भाराखाली किती व्होल्ट हरवतात ते पाहतो. व्होल्टचा दोन-तीन दशांश भाग हरवला तर चालते. पूर्ण एक व्होल्ट हरवला, तर दोष या केबलचा. भार पडल्याशिवाय वायरचे खरे बळ कळत नाही, ही जाण त्या एका कृतीत किती सहज व्यक्त होते!

मग स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटपाशी तो वाकतो. सहाव्या आणि चौदाव्या पिनेवर कॅन नावाच्या संवादवाहिनीच्या दोन वायरी येतात. बॉशने ही पद्धत 1986मध्ये जगापुढे मांडली, आणि आज गाडीतले बहुतेक संगणक तिच्यावरूनच एकमेकांशी बोलतात. या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात; एकीवरचा व्होल्टेज वर जातो तेव्हा दुसरीवरचा खाली येतो, आणि संदेश असतो तो त्या दोघींमधल्या अंतरात. बाहेरून येणारा विजेचा गोंगाट दोघींवर सारखाच आदळतो, म्हणून अंतर अबाधित राहते आणि संदेश शुद्ध पोहोचतो. वाहिनीच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध बसवलेला असतो, म्हणून इग्निशन बंद ठेवून मोजले तर मीटरवर 60 दिसायला हवेत. दिसले 60, की दोन टोकांमधली ती अदृश्य वाट अखंड असल्याची एका आकड्यात खात्री पटते.

आता ईसीएमचा कपलर उघडतो, आणि सीवूड्सची खारी हवा आपली सही दाखवते : एका पिनेच्या मुळाशी हिरवट गंज. तो पुसणे सोपे. पण हा मिस्त्री ओल कुठून आली, ते शोधतो. वायरिंगचा जुडगा कपलरकडे वरून उतरत आला असेल, तर पावसाचे पाणी त्याच्याच अंगावरून ओघळत आत जाते. म्हणून तो जुडग्याला कपलरच्या खाली झोक देऊन मग वर वळवतो, म्हणजे थेंब खालच्या वळणावरच गळून पडतात. नव्या डबीचे आयुष्य या एका वळणाने वाढते, आणि बिलात त्याची ओळही नसते.

सप्लाय ठीक, अर्थिंग ठीक, पीन स्वच्छ, लाइनी निर्दोष. आता डबीवर गरम हवेची गन रोखली जाते आणि मीटरकडे सगळ्यांचे डोळे लागतात. आत येणारे 12 व्होल्ट जागच्या जागी आहेत, आणि बाहेर पडणारे पाच व्होल्ट तापता तापता नाहीसे होतात. फुंकर घालून डबी थंड केली, ते परत आले. दोष सिद्ध झाला. या क्षणी जे समाधान मिळते, ते एखादे अवघड प्रमेय सुटल्याचे समाधान आहे, कारण इथवर एकही पायरी गाळलेली नाही.

डबी काढण्याची रीतही पाहण्याजोगी. किल्ली बंद केली तरी ईसीएम लगेच झोपत नाही. तो आपल्या नोंदी स्मृतीत लिहून घेतो आणि मगच मेन रिले सोडतो. मिस्त्री तो बारीक ‘टक’ ऐकेपर्यंत थांबतो आणि त्यानंतरच बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवतो. जाणाऱ्याला आपले लिहिणे पुरे करू देण्याचा हा विवेक मला फार भावतो.

नवी डबी बसवणे हे काही बोल्टांचे काम आहे. तिला या गाडीची ओळख करून देणे हे खरे काम. जुन्या डबीतला डेटा वाचता आला तर तो नवीत उतरवला जातो, चासी क्रमांक लिहिला जातो, इमोबिलायझरशी किल्ली जुळवली जाते. आणि मग इंजेक्टर. नाशिकच्या बॉश कारखान्यात घडणारे हे नाजूक भाग कितीही अचूक असले, तरी दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे नसतात; कुणी केसभर जास्त डिझेल सोडतो, कुणी केसभर कमी. तो स्वभाव मोजून त्याचा छोटा कोड इंजेक्टरच्या माथ्यावर कोरलेला असतो. मिस्त्री टॉर्च धरून, तेलाची पुटे फडक्याने पुसून ते चार कोड वाचतो आणि सिलिंडरच्या क्रमाने नव्या डबीत भरतो. संगणक मग प्रत्येकाची उणीव ओळखून त्याला तेवढी सवलत देतो, आणि चार वेगळ्या स्वभावांचे इंजेक्टर एका लयीत काम करू लागतात.

गाडी सुरू होते, आयडलिंग स्थिर होते. पण काम इथे संपत नाही. तक्रार गरम इंजिनाची होती, म्हणून परीक्षाही गरम इंजिनाचीच. बेलापूरच्या पारसिक टेकडीचा चढ माल भरून चढला आणि उतरल्यावर पाच व्होल्ट पाचच राहिले, तेव्हा मिस्त्री बॉनेट लावतो.

या साऱ्या कामात डबी बदलायला लागतो तो वेळ सर्वांत थोडा असतो. बाकीचा वेळ निर्दोषांना निर्दोष ठरवण्यात आणि नव्याला जुन्याची ओळख करून देण्यात जातो, आणि कामाची खरी गुणवत्ता त्याच वेळात आहे. आपण मात्र पार्टची किंमत निमूट मोजतो आणि तपासणीच्या मजुरीवर घासाघीस करतो. पुढच्या वेळी कुणी मिस्त्री “आधी लाइनी बघू” म्हणाला, तर त्याला अवधी द्या, मीटरवरचे आकडे त्याच्याकडून समजून घ्या, आणि तपासणीच्या त्या वेळाचे पैसे मनापासून द्या. ज्ञानाचे मोल तिथे आहे.