‘संशयकल्लोळ’ आणि मनोनिग्रह

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’ (१९१६) हे मोलिएरच्या कथावस्तूवर आधारलेले नाटक निव्वळ प्रहसन मानण्याचा प्रघात आम्हांस मान्य नाही. मूर्च्छित रेवतीस सावरणारा पती कृत्तिकेच्या दृष्टीस पडतो. पत्नीच्या हाती परपुरुषाची तसबीर फाल्गुनरावास दिसते. व्यभिचार कोठेच घडलेला नाही. पाहणे आणि ठरविणे यांत क्षणाचाही विराम नाही, म्हणून संसार विसकटतो. संशयाचा वाटा उभयतांस सारखाच देण्यात देवलांची न्यायबुद्धी दिसते. तथापि उलगडा होतो तो पुराव्याने. आपला विकार आवरून पाहण्याचा यत्न दोघांपैकी कोणीही करीत नाही. उद्या दुसरी तसबीर सापडली तर? मंगलाष्टकांतील ‘सावधान’ पात्रांस उमगत नाही. तो प्रेक्षकानेच घरी न्यावयाचा. नाटकाचे बळ यातच आहे, आणि उणीवही.